फराळाचं दळण : गिरणी की घरघंटी?

गेल्या महिनाभरात नात्यातल्या तिघांनी मला एकच गोष्ट विचारली. दिवाळीचा फराळ घरीच करायचा ठरवलाय, तर घरघंटी, म्हणजे घरात ठेवायची विजेवरची छोटी गिरणी, घ्यावी काय, का गिरणीवरच भागवावं? प्रत्येकाला फोनवर अर्धंमुर्धं सांगितलं. म्हटलं, एकदा सगळं नीट मांडून ठेवावं.

दोन्हीकडचं पीठ माझ्या हाताखालून भरपूर गेलंय. शाळेत असल्यापासून सायकलच्या कॅरिअरला डबा बांधून सांगलीतल्या गावभागातल्या गिरणीवर जात होतो, आणि २०२० च्या दिवाळीपासून फराळाचं दळण घरच्या घंटीवर निघतंय. मोटर केवढी, जाळ्या किती, कपाट लाकडी की स्टीलचं, हे दुकानदार तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. मी पिठाचं तेवढं बोलतो.

आधी गिरणीचं. शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, भाकरी रोज खाणाऱ्या घराला दगडाचं पीठ सोडवत नाही, निदान आमच्या घराला तरी सोडवलं नाही. गिरणीत दाणा दोन दगडांमध्ये रगडला जातो. घंटीत तो फिरणाऱ्या पात्यांच्या माराने फुटतो आणि जाळीतून गळतो. गव्हाला त्याचा फारसा फरक जाणवत नाही. शाळूला जाणवतो. घंटीच्या पिठाची भाकरी थापताना कड फाटते, असं आई पहिल्या दिवशी म्हणाली आणि आजही म्हणते. सर्वांत बारीक जाळी लावून पाहिली, तेव्हा फरक कमी झाला, पण गेला नाही. उलट एक सोय घंटीची अशी की दोनच किलो दळता येतं, त्यामुळे पिठाची विरी, म्हणजे भाकरी थापताना लागणारा चिकटपणा, जायच्या आत ते संपतं. तरीही आमचा शाळू अजून गिरणीवरच जातो. तुमच्या घरी पोळीच चालत असेल तर हा परिच्छेद विसरलात तरी चालेल.

फराळाची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती चकलीपासून सुरू होते.

आमची भाजणी एक किलो तांदळाची. तांदूळ जुना आणि जाडा घ्यायचा, चिकट जातीचा नको. त्याला अर्धा किलो हरभऱ्याची डाळ, पाव किलो उडदाची, पाव किलोला जरा कमी मुगाची, वाटीभर पोहे, वाटीभर साबुदाणा, अर्धी वाटी धने, पाव वाटी जिरे. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजायचा. तांदूळ रंग न बदलता हलका झाला पाहिजे, उडीद गुलाबीसर, पोहे चुरचुरीत. दोन-अडीच तास गॅससमोरून हलता येत नाही. हे सगळं झाल्यावर, पसरून गार केल्यावर, सव्वादोन किलोंचा डबा हातात येतो आणि मग तो दुसऱ्याच्या हातात द्यायचा असतो. माझी अडचण नेमकी इथेच होती.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली. गावभागात पाणी शिरलं, आमच्या नेहमीच्या गिरणीची मोटर, पट्टा, सगळं गाळात गेलं. दिवाळीपर्यंत ती सुरू झाली नाही. म्हणून भाजणी घेऊन लांबच्या एका गिरणीवर गेलो. डब्यांची रांग रस्त्यापर्यंत आलेली.

"अण्णा, आधी कशाचं होतं?" मी विचारलं.

"आत्ताच डाळीचं काढलंय बघा. ठेवा तुम्ही, तुमचं त्याच्यावरच घेतो."

मी डबा ठेवला आणि पणत्या आणायला मारुती चौकाकडे गेलो. तासाभराने परत आलो तर दळण तयार होतं. वास खमंग, रंगही बरोबर. घरी आल्यावर नेहमीसारखं जेवढी भाजणी तेवढं पाणी उकळून, त्यात तेलाचं मोहन, तिखट, मीठ, तीळ, ओवा घालून पीठ भिजवलं. मळतानाच ते जरा ओढलं जात होतं. चकली सोऱ्यातून उतरली, पण काटे उभे राहिले नाहीत, गोल गुळगुळीत पडली. तळल्यावर रंग छान आला. दुसऱ्या दिवशी चकली दातांखाली मोडेना, ताणली जायला लागली. आईने एक हातात घेऊन दाबली आणि म्हणाली, "गव्हावर पडलंय हे."

गव्हाला चीक असतो. मूठ-दोन मूठ पीठ दगडाच्या कडेला, तोंडापाशी राहिलेलं असतं आणि ते पुढच्या दळणात उतरतं. शाळूवर पडलं तर एवढं बिघडत नाही, डाळीवर पडलं तर उलट बरंच. बाजरीवर पडलं तर रंग काळपट येतो. गव्हावर पडलं की माझ्या अनुभवात चकलीचं काही खरं नाही. ही गोष्ट आमच्याकडे त्याआधीही एकदा झाली होती. त्या गिरणीवाल्याने मुद्दाम केलं असं मी अजिबात म्हणत नाही. दिवाळीच्या आठवड्यात मधेच कुणाला तरी निकड असते, रांग पुढेमागे होते, आणि प्रत्येक डब्याआधी दगड उघडून साफ करणं कुणाच्याच हातात नसतं. पण अडीच तास भाजलेल्या भाजणीचं शेवटी काय होणार हे माझ्या आधीच्या डब्यावर ठरावं, हे मला त्या वर्षी फार लागलं. तीन किलो चकल्या कुणाला वाटायच्याही लायकीच्या राहिल्या नाहीत. घंटी घ्यायचं आम्ही त्याच आठवड्यात ठरवलं. पैसे जमून ती घरात यायला पुढची दिवाळी उजाडली.

गिरणीवरच दळणार असाल तर यावर एक उपाय आहे आणि तो जुना आहे. सकाळी गिरणी उघडताना जायचं, आपल्यासोबत दोन मुठी साधे तांदूळ न्यायचे, ते आधी टाकायला सांगायचे आणि त्यांचं पीठ वेगळं काढून घ्यायचं. मग भाजणी. दगडांना नुकतीच टाकी लावली असेल, म्हणजे छिन्नीने टोचून ते खरबरीत केले असतील, तर त्या दिवशी फराळाचं काही दळू नका, कचकच येते. आणि डबा ठेवून कुठेही जाऊ नका. ओळखीचा, ऐकून घेणारा गिरणीवाला असेल तर हे सगळं सुखाने जमतं, आमच्या जुन्या गिरणीवर वर्षानुवर्षं जमलंच की. प्रश्न दिवाळीच्या चार दिवसांचा आहे, आणि फराळ नेमका त्याच चार दिवसांत असतो.

बेसनाच्या लाडूत घंटी मला स्पष्ट पुढे वाटते. लाडवाला पीठ रवाळ लागतं. अगदी बारीक बेसनाचा लाडू टाळूला चिकटतो, आणि फार भरड झालं तर तूप पिऊनही कच्चट लागतं. गिरणीवर "जाडसर काढा" म्हटलं की दगडांमधलं अंतर अंदाजाने वाढवतात, त्यामुळे सुरुवातीचं पीठ एका जातीचं आणि शेवटचं दुसऱ्या. घंटीत जाळी एकदा बसवली की सगळं पीठ सारखं. आम्ही पहिल्या वर्षी पाव-पाव किलो डाळ तीन जाळ्यांतून काढून तीन प्रकारचे लाडू वळून पाहिले. गिरणीवर असं करून बघायला कोण उभं करून घेणार? मधल्यापेक्षा एक नंबर जाड असलेली जाळी आम्हाला पटली. किलोभर पिठाला साधारण अर्धा किलो तूप, मंद आचेवर तूप सुटेपर्यंत भाजणं, आणि शेवटी दुधाचा हबका. पीठ फसफसून फुलतं आणि लाडू दाणेदार होतो. पीठच एकसारखं नसेल तर हबक्याने ही करामत होत नाही, काही कण फुलतात आणि काही तसेच राहतात.

उपासाची भाजणी हे आईचं कारण. वरई, साबुदाणा, राजगिरा, थोडं जिरं. एकादशीला चालायचं तर त्यात धान्याचा कणही नको, आणि गिरणीच्या दगडाबद्दल ती खात्री कुणी देऊ शकत नाही. पूर्वी ती हे सगळं मिक्सरवर काढायची, हात भरून यायचे. आता घंटी पुसून घेते आणि निवांत दळते. घंटीच्या बाजूने तिने एवढं एकच वाक्य उच्चारलंय, पण ते मनापासून.

अनारशांना मात्र दोन्ही निरुपयोगी. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, चौथ्या दिवशी फडक्यावर पसरून दमट असतानाच दळावा लागतो. ओलं दळण गिरणीवाले घेत नाहीत, कारण दगड बसतो. घंटीची जाळी तर दोन मिनिटांत लिंपते. २०२३ च्या अधिक श्रावणात जावयाच्या वाणाचे ३३ अनारसे करायचे होते. मी उत्साहाने ओला तांदूळ घंटीत घातला आणि नंतर अर्धा दिवस जाळी ब्रशने घासत बसलो. अनारशाचं पीठ मिक्सरवरच करा आणि बारीक चाळणीने दोनदा चाळा.

घंटीच्या इतर खोडीही सांगतो, नाहीतर ही एकतर्फी वकिली होईल. आवाज मोठा आहे, दुपारी शेजारी झोपलेले असताना लावायला मन धजत नाही. तीळ, शेंगदाणे असं तेलकट काही चालत नाही. धान्यात खडा राहिला तर जाळी फाटते, म्हणून निवडणं आलंच. आणि भाजणीचा वास आत रेंगाळतो. चकलीच्या दुसऱ्या दिवशी गहू दळला तर पोळीला धन्या-जिऱ्याचा वास येतो. त्यावर आम्ही तोच जुना तोडगा वापरतो, मूठभर तांदूळ फिरवून घेतो आणि ते पीठ थालीपिठात टाकतो. भाजणी कोमट असताना घातली तर जाळीत वाफ धरून पीठ अडकतं, त्यामुळे गार होण्याची वाट बघावीच लागते.

पैशाचं बोलायचं तर नुसत्या दळणाच्या हिशेबाने घंटी परवडत नाही. आम्ही घेतली तेव्हा सतरा हजारांच्या आसपास पडली. महिन्याला वीस किलो दळण आणि किलोला सहा रुपये धरले तर महिन्याचे १२० रुपये वाचतात, म्हणजे वसूल व्हायला जवळपास बारा वर्षं. विजेचं फार मनावर घेऊ नका. एक अश्वशक्तीची मोटर तासाला पाऊण युनिट घेते आणि तासात आमची सहा-सात किलो दळणं निघतात. पण वर्षातून एकदाच, दिवाळीपुरती भाजणी करणाऱ्याने एवढे पैसे गुंतवावेत असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे थालीपिठाची भाजणी, मेतकूट, मोदकाची पिठी, नाचणी असं वर्षभर काही ना काही चालू असतं, म्हणून ती कोपऱ्यात धूळ खात पडली नाही. नदीकाठच्या भागात राहत असाल तर ती तळमजल्यावर ठेवू नका. २०२१ च्या जुलैत पाणी चढायला लागलं तेव्हा मी आणि भावाने ती जिन्यावरून वर नेली. चाकं सपाट फरशीवर कामाची, जिन्यात सगळा भार पाठीवर येतो.

तयार भाजणीचं पाकीट हा तिसरा मार्ग आहे. घाईत मीही आणलंय. चकली होते. आपल्या घरच्या चवीची होत नाही, एवढंच.

तेव्हा ज्यांनी विचारलं त्यांना माझं सांगणं असं. घरात शाळू जास्त आणि फराळ थोडा असेल, आणि गिरणीवाला घरच्यासारखा असेल, तर आहे तेच ठीक आहे, तांदळाच्या दोन मुठी तेवढ्या विसरू नका. चकली, लाडू, उपासाचं असं चार प्रकारचं पीठ स्वतःच्या मनासारखं हवं असेल, तर मी घंटीकडेच झुकेन. त्या एका दिवाळीनंतर आमची चकली पुन्हा कधी चिवट झाली नाही. त्यात आमचा हात सुधारल्याचाही भाग असेल कदाचित, पण काटे पहिल्याच वर्षी उभे राहिले होते.

घेण्याआधी ओळखीतल्या कुणाकडे तरी घंटी असेलच. किलोभर हरभऱ्याची डाळ हलकी भाजून त्यांच्याकडे न्या, दोन जाळ्यांतून अर्धी-अर्धी काढून घ्या आणि घरी येऊन दोन्हींचे लाडू वळून बघा. डाळ मात्र आदल्या रात्री भाजून ठेवा, सकाळपर्यंत पुरती गार झाली पाहिजे.