कॅनोपीचे गॅस स्ट्रट: कंपनीचे, किचनवाले की साधा दांडा?

हिंगण्याकडच्या शेडमध्ये मित्राचं दोन सीटचं किट विमान (सुटे भाग मागवून स्वतः जोडायचं) बनून राहिलंय. टिप-अप कॅनोपी (बसायच्या जागेवरचं पारदर्शक झाकण) आहे, म्हणजे बिजागरी पुढे आणि उघडते मागून, आरव्ही-७ या किट विमानाला स्लायडर, म्हणजे सरकणारी, नको म्हटलं तर मिळते तशीच. परवा तो आत वाकून वायरिंग करत होता आणि कॅनोपी हळूच येऊन त्याच्या पाठीवर बसली. डावा गॅस स्ट्रट, म्हणजे कॅनोपी उघडी धरून ठेवणारी गॅस भरलेली नळी आणि रॉड, गेला होता. मग आठवडाभर तेच चाललं, हे घेऊ का ते घेऊ, टपरीवरची उधारी वाढली ती वेगळी.

पहिले "गॅस भरून आणू" हा विषय निकालात काढतो, कारण दहातले आठ जण हेच सुचवतात. बाजारात याला सगळे हायड्रॉलिक नाहीतर डिकीचा शॉकर म्हणतात, पण जोर तेलाचा नाही, आत दाबून भरलेल्या नायट्रोजनचा असते. तेल थोडंसंच, शेवटी झटका बसू नये आणि सील ओलं राहावं म्हणून. ८ मिमी रॉडचा २०० न्यूटनचा (साधारण २० किलो जोराचा) स्ट्रट धरा, तर आतला दाब निघतो जवळपास ४० बार, म्हणजे ५८० पीएसआय. कारच्या टायरमध्ये आपण ३३ भरतो. त्यामुळे पंक्चरवाल्याचा नायट्रोजन इथं काही कामाचा नाही, आणि नळीला भोक पाडून व्हॉल्व वेल्ड करून देतो म्हणणारा भेटला (आम्हाला भेटला!) तर हात जोडून निघा, दाबाखालच्या नळीला ड्रिल किंवा वेल्डिंग म्हणजे जिवाशी खेळ आहे भाऊ. काही स्ट्रटला छोटा व्हॉल्व असते खरा, पण तो सहसा गॅस कमी करायला, वाढवायला नाही.

आता किट कंपनीचा स्ट्रट आणि किचनवाला. मॉड्युलर किचनच्या कपाटाचे हायड्रॉलिक हार्डवेअरच्या दुकानात ८०, १००, १५० न्यूटनमध्ये सहज मिळतात, हलक्या कॅनोपीला आकडा जुळतोही, आणि मोह होतोच. पण त्याची टोकं बऱ्याचदा प्लास्टिकची आणि स्ट्रोक (रॉडची आत-बाहेर चाल) छोटा, मग फ्रेमला नवीन भोकं पाडून कंस (ब्रॅकेट) हलवावा लागते, आणि कंस हलला की कोन बदलतो, कोन बदलला की लागणारा जोरही बदलतो, म्हणजे आकडा जुळला म्हणून जे घेतलं तेच परत जुळत नाही. डिकीचा शॉकर उलट जास्त दणकट, डिकीचं दार जड असते न. तो कॅनोपीला लावला तर उघडताना फ्रेम पिळवटते, बंद करताना कॅनोपी वर ढकलून लॅचवर (कडीवर) जोर टाकते. ॲक्रिलिकला तडा जातो तो स्क्रूच्या भोकापासून, आणि थंडीत ते जास्तच कडक होते.

आणि आपल्या नागपूरचं हवामान विसरू नका. मे २०१३ मध्ये इथं पारा ४७.९ होता, डिसेंबर २०१८ मध्ये ३.५. गॅसचा दाब तापमानासोबत चालते, तर या दोन टोकांत एकाच स्ट्रटच्या जोरात साधारण १६ टक्के फरक पडतो. २० डिग्रीला २०० न्यूटन असलेला ४५ ला २१७ आणि ५ ला १९० दाखवेल. म्हणून जानेवारीच्या सकाळी कॅनोपी जड वाटली की लगेच वरचा आकडा आणू नका, तोच नवतपात तुम्हाला बंद करू देणार नाही. सील गेलंय की फक्त थंडी आहे हे पाहायला दोन्ही स्ट्रट काढा (त्याआधी कॅनोपीला टेकू द्या), घरच्या वजनकाट्यावर रॉड खाली करून हळूहळू दाबा. २० किलो म्हणजे साधारण १९६ न्यूटन, घर्षणामुळे थोडं जास्तच दिसते. दोघांत मोठा फरक असला तर एक गेलाय. बदलायचे मात्र जोडीनेच, नाहीतर एका बाजूने ढकलून कॅनोपी तिरपी होते.

साधा दांडा, म्हणजे ॲल्युमिनियमची नळी आणि पिन, याची मी आधी टिंगल करत होतो. उन्हाने याला काही होत नाही, गळायला आत काही नाही. पण एक हात त्यातच गुंततो, आणि निघताना काढायचा राहिला तर कॅनोपी लागणारच नाही. वावटळीत मात्र स्ट्रटपेक्षा हाच बरा. मागून वारा आला की उघडी कॅनोपी शिडासारखी पुढे उलटते आणि स्ट्रटची टोकं उपटते, तेव्हा विमान वाऱ्याकडे तोंड करून उभं करा आणि वेगळा पट्टा बांधा.

देखभाल काही फार नाही. रॉड कोरड्या स्वच्छ कपड्याने पुसा, तेल-स्प्रे मारू नका, धूळ धरते. रॉडला पकड लावू नका, एक ओरखडा सील खाऊन टाकते. रंगकाम करताना झाका. बॉल जॉइंटला चिमूटभर ग्रीस, क्लिप नीट बसली का ते पाहा. बंद स्थितीत रॉड होईल तितका खाली असला तर सील जास्त टिकते, आणि विमान महिनोन्‌महिने उभं असेल तर मधूनमधून कॅनोपी उघडझाप करा.

आणि हवेत कॅनोपी धरून ठेवायचं काम लॅचचं आहे, स्ट्रटचं नाही, कोणताही घ्या.

मित्राने शेवटी किटवाल्यांचीच जोडी मागवलीय, कस्टमचे पैसे भरून, तोंड वाकडं करत. बदललं की लॉगबुकात नोंद होईल, आणि मी त्याला नळीवर मार्करने तारीखही टाकायला सांगितलंय. तोवर दांडा आहे, त्याला लाल रिबन बांधलीय, काढायचा राहू नये म्हणून.