जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये द्यावी की एखाद्या पोराला विकावी?

मी दोन्ही केलंय. २०१८ च्या दसऱ्याला आमची मारुती ८०० नव्या गाडीच्या बदल्यात शोरूमला दिली, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात २००३ ची मारुती झेन उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या २३ वर्षांच्या एका पोराला विकली. दोन्ही गाड्या आम्हीच नव्या घेतलेल्या, दोन्हींचं पासिंग एमएच-०९, म्हणजे कोल्हापूरचं. पहिलीचा व्यवहार दोन तासांत उरकला, दुसरीला पाच आठवडे लागले. तरीही आज कुणी विचारलं तर मी दुसऱ्या, म्हणजे पोराला विकण्याच्या बाजूनं बोलतो. का ते सांगतो. तुमची परिस्थिती वेगळी असू शकते, हे धरूनच वाचा.

आधी पैशाचं, कारण ते लवकर संपतं. शोरूममधला माणूस टॅब्लेट घेऊन गाडीभोवती फिरला, रंगाची जाडी मोजायचं यंत्र चारी दारांना लावलं, वीस मिनिटांत आकडा सांगितला. ८०० चे ३८,००० आणि वर १५,००० एक्स्चेंज बोनस. बोनसचं ऐकून मी खूश झालो होतो. त्याच आठवड्यात शेजाऱ्यांनी जुनी गाडी न देता तेच मॉडेल घेतलं आणि त्यांनाही जवळपास तेवढीच सूट मिळाली. त्यामुळे बोनस जुन्या गाडीच्या किमतीत धरू नये असं माझं मत झालंय. झेनला एका एजंटानं ३०,००० सांगितले होते, पोरानं ५५,००० दिले. फरक आहे, पण तेवढ्या फरकासाठी पाच आठवडे दारात माणसं झेलायची की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

झेलावी लागतात, हे खरंच. पहिल्या आठ दिवसांत तीसेक फोन आले. निम्म्यांचा पहिला शब्द "शेवटचं किती?" गाडी पाहिलेली नाही, मॉडेल विचारलेलं नाही, थेट शेवटचं. काही जण संध्याकाळी सातला येतो म्हणून रात्री साडेनऊला आले. दोन मुलं चालवून बघतो म्हणाली आणि रंकाळ्याला चक्कर मारून अर्ध्या तासानं परत आली. गाडीत सायलेन्सर बदलण्याचीच चर्चा झाली असावी, कारण उतरल्यावर पहिला प्रश्न तोच होता. त्यांना मी नाही म्हटलं. ज्याला हे सगळं सोसत नाही, घरात आजारी माणूस आहे, किंवा ज्याची बदली होऊन महिन्याभरात पुण्याला जायचंय, त्यानं सरळ डीलरकडे जावं. त्यात काही कमीपणा नाही.

पण आपल्या गावात एक गोष्ट अशी आहे की तिथं डीलर कमी पडतो. ती म्हणजे पूर. २०१९ च्या ऑगस्टनंतर आणि पुन्हा २०२१ च्या जुलैनंतर एमएच-०९ ची नंबरप्लेट दिसली की बाहेरचा माणूस पहिल्यांदा विचारतो, "पाण्यात गेलेली काय?" आम्ही शाहूपुरीत राहतो, जयंती नाला लांब नाही. पत्ता ऐकल्यावर एजंटानं गाडी न उघडताच आकडा खाली आणला. माझी झेन त्या दोन्ही वेळी टेंबलाईवाडीत मेहुण्याच्या दारात, उंचावर उभी होती. पण हे त्याच्या कागदावर लिहायला रकानाच नव्हता.

हा पोरगा आला तेव्हा त्यानंही तोच प्रश्न विचारला, पण वेगळ्या तऱ्हेनं. "काका, पुराच्या टायमाला लावलेली कुठं?" मी सांगितलं. त्याला टेंबलाईवाडी माहीत, पाणी कुठल्या गल्लीपर्यंत चढलं तेही माहीत, कारण त्याच्या मामाचं घर कुंभार गल्लीत. तरी त्यानं नुसता विश्वास ठेवला नाही. पायाखालचं कार्पेट उचललं, सीटच्या रुळांखाली बोट फिरवून गंज बघितला, सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का पाहिलं. मग म्हणाला, "नाही गेलेली." मला त्याचं हे तपासणं फार आवडलं. ज्याला बघता येतं त्याच्यापुढं आपल्या जपणुकीची किंमत होते.

दुसऱ्या वेळी तो सकाळी सातला आला. आदल्या रात्रीच फोन करून सांगितलं होतं, "काका, मी येईपर्यंत चालू करू नका." गार इंजिनाचा आवाज ऐकायचा होता. झेनचं इंजिन ॲल्युमिनियमचं, ९९३ सीसीचं. एकदा बेदम तापलं की हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकण्याची भीती. त्यानं कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची) बाटली बघितली, ऑइल भरायचं टोपण उघडून आत दुधाळ काही, म्हणजे तेलात पाणी मिसळल्याची खूण, आहे का पाहिलं, आणि विचारलं, "कधी गरम झालेली?" २०११ साली गगनबावड्याला जाताना फॅनची वायर तुटली होती. काटा वर जाताच मी गाडी बाजूला घेतली आणि तासभर झाडाखाली बसून राहिलो. हे मी त्याला सांगितलं. न सांगताही चाललं असतं, पण विचारणाराच असा होता की सांगावंसं वाटलं. त्यावर त्यानं किंमत पाडली नाही. वीस वर्षांच्या बिलांची फाइल मागितली आणि ओसरीवर बसून पहिल्या सर्व्हिसिंगपासून वाचून काढली. ८०० ची अशीच फाइल शोरूमच्या माणसानं न बघता टेबलावरच ठेवली होती. मी घरी घेऊन आलो, अजून कपाटात आहे.

आता ज्या गोष्टीनं माझं मत कायमचं फिरलं, ती.

८०० दिली तेव्हा मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या, आरसी (नोंदणीचा दाखला) घेतली, "ट्रान्सफर आम्ही करून घेतो, काळजी करू नका" असं सांगितलं. खरेदीदाराच्या नावाची जागा कोरी होती. मी विचारलं, तर सगळे असंच करतात म्हणाले. मी घरी आलो आणि विसरलो. सात महिन्यांनी मोबाईलवर ई-चलनाचा मेसेज आला. नंबर माझ्या ८०० चा. दुव्यावर फोटो होता. पुण्याकडच्या रस्त्यावर माझी गाडी, मागच्या काचेवर मुलीच्या शाळेचा स्टिकर अजून तसाच. बायकोला दाखवला, तर ती बराच वेळ बोलली नाही. ते चलन मी घाबरून भरून टाकलं.

मग दुसरं आलं, तिसरं आलं. प्रत्येक फोटोत गाडी थोडी आणखी उतरलेली. एकात डावा इंडिकेटर फुटलेला, पुढच्यात स्टिकर खरवडून काढलेला, मागचा बंपर दोरीनं बांधलेला. शोरूमला फोन केला तर गाडी एजंटाकडे गेली म्हणाले, एजंट म्हणाला कराडच्या पार्टीला दिली, त्या पार्टीनं पुढं कुणाला दिली ते त्याला ठाऊक नाही. माझी गाडी कोण चालवतंय हे मला कुणी सांगू शकत नव्हतं, आणि सरकारी नोंदीत तिचा मालक मीच होतो.

दंडाच्या रकमेपेक्षा मला दुसरीच धास्ती होती. २०१८ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की अपघाताच्या वेळी नोंदणी ज्याच्या नावावर, तोच मालक धरला जाईल. गाडी मधल्या मध्ये दोन-तीन हात फिरली असली तरी. म्हणजे त्या गाडीखाली कुणी आलं असतं, तर नोटीस शाहूपुरीत आमच्या दारात आली असती. रात्री फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. अर्ज केले, हेलपाटे घातले, आणि गाडी दिल्यापासून १४ महिन्यांनी नोंदणीवर दुसरं नाव दिसलं. त्या दिवशी मी अंबाबाईला जाऊन आलो.

डीलरच्या बाजूनं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. १ एप्रिल २०२३ पासून नियम बदललेत. जुन्या गाड्यांच्या डीलरनं परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घ्यायचं असतं, आणि अशा डीलरला गाडी दिल्याची फॉर्म २९सी मधली सूचना खात्याच्या पोर्टलवर गेली की पुढची जबाबदारी त्याच्यावर येते. मी गाडी दिली तेव्हा हे नव्हतं. तेव्हा एक्स्चेंजला जाणार असाल तर बोनस विचारण्याआधी अधिकारपत्र आहे का ते विचारा, आणि तुमच्यासमोर सूचना भरून घ्या. आढेवेढे घेतले तर उठून या. कोऱ्या फॉर्मवर सही मात्र कुणालाही देऊ नका, मग तो सख्खा मावसभाऊ असो.

पोराबरोबर हे सगळं मला हवं तसं करता आलं. नाव, पत्ता, आधार बघून फॉर्म दोघांनी मिळून भरले. स्टॅम्पपेपरवर ताबा पावती केली (तेव्हा १०० चा चालायचा, आता ५०० चा लागतो). तिच्यात इंजिन नंबर, चॅसिस नंबर, किलोमीटर, तारीख आणि ताबा दिल्याची वेळसुद्धा लिहिली. वेळ लिहायला विसरू नका, त्याच दिवशीचं चलन आलं तर तीच कामाला येते. कायद्यानं विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आम्ही दोघं त्याच्या सुट्टीच्या दिवशी एकत्रच गेलो. ५,००० रुपये नाव लागल्यावर द्यायचे असं ठरलं होतं, म्हणजे त्यालाही घाई आणि मलाही. अठराव्या दिवशी नाव लागलं, आणि संध्याकाळी तो पैसे घेऊन हजर.

गाडी घेणाऱ्यानं १४ दिवसांत विमा कंपनीला विमा स्वतःच्या नावावर करायला सांगायचं असतं. नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट) मात्र गाडीबरोबर जात नाही, तो तुमचा. कंपनीकडून पत्र घेऊन ठेवा, ३ वर्षांत नव्या गाडीला लावता येतो. फास्टॅग बंद करा, नाहीतर किणीच्या टोलनाक्यावर पैसे तुमच्या खात्यातून जात राहतील. आणि गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट आधीच बसवून घ्या, तिच्यावाचून आरटीओत काम अडतं.

पोराच्या वडिलांची एक शंका होती, ती तुम्हालाही ऐकावी लागेल. "पंधरा वर्षं झालेली गाडी सरकार भंगारात काढतंय की." तसं नाही. पेट्रोलला १५ आणि डिझेलला १० वर्षांची बंदी आली ती दिल्ली परिसरात. आपल्याकडे गाडी तपासून दर ५ वर्षांनी नोंदणी वाढवून मिळते. खर्च मात्र वाढलाय. २०१८ साली मी झेनची नोंदणी वाढवली तेव्हा फी ६०० होती, एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली, आणि २०२५ च्या ऑगस्टात २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी १०,००० केली. पर्यावरण कर वेगळा. विकण्याआधीच्या महिन्यात मी नूतनीकरण करूनच ठेवलं होतं. ते केलं नसतं तर वडिलांनी पोराला परवानगी दिली नसती असं मला वाटतं.

राहिली तरुण हाताची भीती. ती मलाही होती. जोरात हाणेल, मित्रांना देईल, सहा महिन्यांत विकून मोकळा होईल. यावर हमी कुणी देऊ शकत नाही, आणि एका पोरावरून सगळ्यांबद्दल बोलणं बरोबर नाही. मी एवढंच बघितलं की तो चालवून बघायला बसला तेव्हा गाडी पूर्ण थांबल्याशिवाय त्यानं रिव्हर्स टाकला नाही, आणि खड्डा आला की क्लच दाबून हळू उतरवली. मित्राऐवजी तो आजीला घेऊन आला होता. आजी मागच्या सीटवर बसली, पाय ठेवायला जागा पुरते का बघितलं, आणि म्हणाली, "घे." मला तेवढं पुरलं.

नेताना बायकोनं बोनेटवर हळदकुंकू वाहिलं. पुढच्या रविवारी त्यानं फोटो पाठवला, जोतिबाच्या डोंगरावर, पांढरी झेन गुलालानं गुलाबी झालेली.

त्यानं ती अजून विकलेली नाही. गेल्या महिन्यात फोन आला. मागच्या डाव्या दाराचं काच फिरवायचं हँडल तुटलंय, कुठं मिळेना. "काका, तुमच्याकडं एक जुनं होतं म्हणाला होता न्हवं?" माळ्यावर पत्र्याच्या डब्यात होतं. संध्याकाळी झेन घेऊनच या म्हटलं.