कोडावरील प्रकाशोपचार: गोळी घेऊन ऊन की दवाखान्यातील यूव्हीबी?

त्वचेवरचा प्रत्येक फिकट डाग म्हणजे कोड नव्हे, हे बहुतेक वाचक जाणतात. शिबे बुरशीने येतात आणि हलके खरवडले तर कोंड्यासारखी भुकटी सुटते. डागावर स्पर्श कळत नसेल तर आधी कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी लागते. लहान मुलांच्या गालांवरचे चट्टे बहुधा कोरड्या त्वचेचे असून कालांतराने जातात. ज्यांचे कोडाचे निदान त्वचारोगतज्ज्ञांनी पक्के केले आहे, ज्यांचे नुसत्या मलमांवर भागत नाही आणि ज्यांच्यापुढे आता दोन प्रकारच्या प्रकाशोपचारांचा पर्याय ठेवला गेला आहे, त्यांच्यासाठी हा आढावा आहे.

पहिला पर्याय पुवासोलचा. सोरालेन वर्गातील, म्हणजे त्वचेला उन्हाप्रती अधिक संवेदनशील करणारी, गोळी खाण्यासोबत घ्यायची आणि सुमारे दोन तासांनी डाग उन्हात धरायचे. आठवड्यातून दोन-तीनदा, पण लागोपाठ दोन दिवस नाही. बावची या औषधी वनस्पतीत असणारी द्रव्ये याच कुळातली, आणि आधुनिक रूपात हा उपचार 1940 च्या दशकात इजिप्तमध्ये सुरू झाला. दुसरा पर्याय नॅरोबँड यूव्हीबीचा. यात गोळी नसते. 311 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचे अतिनील किरण देणाऱ्या नळ्यांच्या कक्षात काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत उभे राहायचे असते. कोडासाठी त्याचा उपयोग 1997 मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी मांडला आणि पुढे तो सर्वत्र रुळला.

दोहोंची भिस्त एकाच गोष्टीवर आहे. कोडात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच रंगपेशींवर उलटते, तरी केसांच्या मुळांशी त्यांचा राखीव साठा पुष्कळदा शिल्लक राहतो. म्हणूनच रंग परतू लागला की डागाच्या मधोमध, एकेका केसाभोवती, टाचणीच्या माथ्याएवढे तपकिरी ठिपके दिसतात आणि ते हळूहळू एकमेकांना मिळतात. माझ्या मानेवर हे दोन्ही उपचारांत घडले, त्यामुळे केवळ गुणाच्या जोरावर मी एकाला उजवे ठरवणार नाही. फरक जाणवला तो छटेत. उन्हाने आलेला रंग भोवतालच्या त्वचेहून गडद उमटला आणि आजूबाजूची कातडीही रापल्याने उरलेले पांढरे अधिकच उठून दिसू लागले. यूव्हीबीने आलेला रंग मूळ वर्णाशी बराच जुळला. इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल.

खर्चात पुवासोल निःसंशय स्वस्त आहे, आणि तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला आठवड्यातून तीनदा शहरात जाण्यापेक्षा अंगणातले ऊन सोयीचे वाटले तर त्यात गैर काही नाही. मात्र ऊन मोजून मिळत नाही. वैशाखातली दहा मिनिटे आणि श्रावणातल्या ढगाआडची दहा मिनिटे यांचा मेळ कसा घालावा, हे कोणालाच नेमके सांगता येत नाही. एकदा अंग भाजते, तर एकदा महिनाभर काहीच होत नाही. कक्षात मात्र मात्रा यंत्रावर ठरते आणि मागच्या खेपेची लाली पाहून कमी-जास्त करता येते.

तरीही माझा निर्णय झाला तो चष्म्यापायी. गोळीतले द्रव्य डोळ्यांच्या भिंगातही उतरते, आणि त्यावर अतिनील किरण पडल्यास पुढे मोतीबिंदूचा धोका संभवतो. त्यामुळे गोळीच्या दिवशी केवळ उन्हातच नव्हे, तर खिडकीजवळ बसतानाही अतिनील किरण अडवणारा काळा चष्मा लावावा लागतो, कारण साध्या काचेतून हे किरण बरेचसे आत येतात. माझे टेबल खिडकीशी होते. गोळीच्या प्रत्येक दिवशी कोणी ना कोणी विचारणार, ‘डोळे आलेत का?’ आणि हो म्हटले की समोरचा दोन पावले मागे सरकणार. डागांबद्दल कोणी विचारू नये म्हणून उपचार घ्यावा, आणि त्या उपचारानेच रोज नवा खुलासा करायला लावावा, हे मला फार काळ सोसवले नाही. यूव्हीबीच्या कक्षातही गडद चष्मा असतो, पण तो दार उघडताच काढता येतो. पथ्यांची यादी घेऊन येणारे नातेवाईक मात्र दोन्ही उपचारांत सारखेच भेटतात. दूध-मासे सोडण्याने कोड थांबत नाही, हे त्यांना समजावणे मी सोडून दिले आहे.

यूव्हीबीचे ओझे आहे ते हेलपाट्यांचे. निदान तीन महिने नेटाने गेल्याशिवाय गुण येतो की नाही हे कळत नाही, आणि नाउमेद होऊन सोडण्यापूर्वी सहा महिने द्यावेत असे तज्ज्ञ सांगतात. तेवढी सवड ज्यांना मुळीच नाही, त्यांना माझी निवड पटणार नाही. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांच्या बाबतीत मात्र सोरालेनची गोळी टाळलीच जाते, तर यूव्हीबी देता येते.

बोटांची टोके, ओठ आणि ज्या डागांवरचे केसही पांढरे झाले आहेत अशा जागा दोन्ही उपचारांना सहसा दाद देत नाहीत. तेथे डाग वर्षभर वाढले नसतील तर त्वचारोपणाचा विचार होऊ शकतो, आणि फक्त तेवढ्याच जागी डाग असतील तर यूव्हीबीचे हेलपाटे सुरू करण्याआधीच डॉक्टरांना त्याविषयी विचारून घ्यावे.