शिकवणी लावावी की सेतू अभ्यास पुरे?

कोरेगाव तालुक्यातल्या मावसबहिणीचा ऑक्टोबर २०२१ मधला प्रश्न. तिचा मुलगा मार्च २०२० मध्ये कोरोनाने शाळा बंद झाल्यावर पाचवीतून घरी आला आणि मधले थोडे आठवडे सोडले तर थेट सातवीत, ४ ऑक्टोबर २०२१ ला गावात शाळा उघडल्यावर वर्गात बसला. जुलै-ऑगस्टमधला सेतू अभ्यास, म्हणजे शाळेनेच घेतलेली मागच्या इयत्तेची उजळणी, मोबाइलवरच उरकला होता. गुरुजी तेव्हा तो वर्गात पुन्हा घेणार होते. तेवढ्यावर भागेल की शिकवणी लावावी? शिकवणीच्या फलकावरचे टक्के मी धरतच नाही.

खर्चाचं उघड आहे. सेतू फुकट, शिकवणीला फी आणि वर एसटीचं भाडं.

खरी गोम कच्च्या भागात आहे. सेतू अभ्यास ४५ दिवसांचा, मागच्या इयत्तेच्या पायावर बेतलेला, मध्ये तीन चाचण्या. अपूर्णांकांची बेरीज अडते का, ते तिथे लगेच दिसतं. शिकवणीत बहुधा चालू धडाच पुढे रेटतात. भागाकार न येणारा पोरगा समीकरणं पाठ करून घरी येतो! मात्र गुरुजींकडे दोन वर्ग असतील, तर प्रत्येकाची वही तपासणं त्यांना जमणार नाही. पाच-सात मुलांच्या शिकवणीत ते होतं.

घरी कोणी रोज अर्धा तास शेजारी बसणार असेल, तर सेतूच घ्या. आईवडील दोघंही दिवसभर रानात असतील, तर छोटी शिकवणी बरी, पण सुरुवात मागच्या इयत्तेपासून करायची हे आधीच ठरवून.