भाता जमलाय, डावा हात नाही

लग्नाच्या ऑर्केस्ट्रात मी बारा वर्षं कीबोर्ड वाजवतोय. पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांचा अकॉर्डियन ऐकत वाढलो, म्हणून अकॉर्डियनची ही सँपल लायब्ररी (कीबोर्डवर वाजवायचे, खऱ्या वाद्याचे रेकॉर्ड केलेले आवाज) घेतल्यावर आधी भाता तपासला. अकॉर्डियनमध्ये की कितीही जोरात दाबा, आवाज वाढत नाही. जोर भात्यातून येतो. इथे तो मॉड्युलेशन व्हीलवर, म्हणजे कीबोर्डवरच्या छोट्या चाकावर दिलाय. व्हील हळूहळू वर नेलं की सूर खरंच फुगतो, त्याचा पोतही बदलतो. म्युझेट रजिस्टर, म्हणजे अकॉर्डियनच्या आवाजाचा एक प्रकार, तर अप्रतिम! त्यात एकाच सुराच्या रीड एकमेकींपासून किंचित सरकवून लावलेल्या असतात, त्यातून ती गोड थरथर येते. रात्री हेडफोन लावून नुसता एक सूर धरून बसलो होतो. की सोडताना बारीक 'टक्' ऐकू आलं आणि अंगावर काटा आला.

डाव्या हाताने मात्र निराशा केली. खऱ्या 120 बासच्या वाद्यात, म्हणजे डाव्या हाताला 120 बटणं असलेल्या अकॉर्डियनमध्ये, एका बटणावर अख्खा कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजतो. इथे सुटे सूर जोडून कॉर्ड बनवलाय, त्यामुळे तो चिकट आणि गढूळ वाटतो. बास मी सरळ बंद ठेवतो आणि खालचे सूर गिटारवाल्याला देतो. उजव्या हातासाठी पैसे वसूल आहेत. शनिवारच्या कार्यक्रमात हाच आवाज वाजवणार आहे.