टेली मानस १४४१६: वकील मंडळींनी नंबर सेव्ह करून ठेवा

जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करते, बहुतेक काम मोटार अपघात दाव्यांचं. पोस्टमॉर्टेम रिपोर्ट, पंचनामा, फोटो, रोज तेच वाचायचं आणि मग समोर बसलेल्या बाईला विचारायचं की मिस्टर महिन्याला किती कमवायचे, पगाराची स्लिप आहे का. याचा त्रास होतो हे बाररूममध्ये बोलायची सोयच नाही, लगेच "मग क्रिमिनलवाल्यांनी काय करायचं" म्हणून विषय बंद. माझी झोप पार उडाली तेव्हा टेली मानसला फोन लावला, केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, २०२२ पासून, फुकट आणि २४ तास, मराठी निवडता येतं.

धाकधूक एकच होती, अशिलाची गोष्ट बाहेर जाईल. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं त्याच्या संमतीशिवाय आपण उघड करू शकत नाही, आधी एव्हिडन्स ॲक्टचं कलम १२६ होतं, आता त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं १३२. काउन्सेलरला तसं सांगितलं तर ती म्हणाली, नाव गाव केस नंबर काही नको मॅडम, तुम्हाला काय होतंय तेवढंच सांगा. आणि खरंच तेवढ्यावर सगळं बोलता आलं. "पॉझिटिव्ह विचार करा" असलं काही नाही, रात्री शेवटची फाइल किती वाजता मिटता, झोपायच्या आधी फोटो बघता का, असं बारीक विचारत गेली, आणि फोटोवाल्या फाइली सकाळीच काढायच्या असं आम्ही ठरवलं. फरक पडला. गरज असेल तर पुढे मानसोपचारतज्ज्ञांशीही जोडून देतात.

ज्युनिअर मुलांना वाटतं असा फोन केला तर सनदेवर, म्हणजे वकिलीच्या परवान्यावर येईल. अरे बाबांनो, ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली कारवाई होते ती गैरवर्तनाची, उपचार घेणं हे गैरवर्तन नाही! आणि उपचाराची माहिती गुप्त ठेवायचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलाय. उलट न झोपता बोर्ड (दिवसाच्या केसेसची यादी) ओढणारा माणूस तारीख चुकवतो, मग अशिलाचे फोन उचलत नाही, मग "साहेब रजेवर होते" असं खोटं सांगतो, आणि तक्रारी होतात त्या यातूनच.

फोनवरचं बोलणं म्हणजे नियमित थेरपी नाही, दर आठवड्याला एकाच माणसाशी बोलायचं असेल तर प्रत्यक्ष डॉक्टर गाठावा लागेल. म्हणून ५ पैकी ४. बार असोसिएशनने हा नंबर नोटीस बोर्डावर लावावा आणि सिनियर लोकांनी ज्युनिअरला स्वतःहून द्यावा, तो मागायला येणार नाही.