एक टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क : माल पूर्ण, माप वेगळे

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या सांगलीतील घराचा तळमजला पाण्याखाली गेला आणि फोटोंच्या अल्बमचा अक्षरशः लगदा झाला. माळ्यावर होत्या म्हणून व्हिडिओ कॅमेऱ्याच्या मिनी-डीव्ही प्रकारच्या ७२ कॅसेट तेवढ्या वाचल्या. त्या संगणकावर उतरवून ठेवण्यासाठी विश्रामबागेतील एका दुकानातून साडेपाच हजारांना एक टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क घेतली. तासाभराच्या एका कॅसेटला सुमारे १३ जीबी लागतात, म्हणजे ७२ कॅसेटना ९३६ जीबी, असा हिशेब करूनच हा आकार निवडला होता. घरी येऊन डिस्क जोडली, तर विंडोजने क्षमता दाखवली ९३१ जीबी.

दुसऱ्या दिवशी दुकानात विचारले असता "काका, फॉरमॅटिंगमध्ये तेवढी जागा जातेच," असे उत्तर मिळाले. हे उत्तर अनेक ठिकाणी ऐकायला मिळते आणि ते चुकीचे आहे, कारण फॉरमॅटिंगला लागणारी जागा त्या मानाने अगदीच किरकोळ असते. खोक्याच्या मागे, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत, १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट असे छापलेले आहे. त्या हिशेबाने १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट. विंडोज मात्र १०२४ च्या पटीत मोजते, त्यामुळे तिथला एक जीबी १,०७,३७,४१,८२४ बाइटांचा होतो. एक लाख कोटीला या संख्येने भागले की सुमारे ९३१ येतात. डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये बाइटांचा पूर्ण आकडाही दिसतो, तो पाहिला तेव्हा एक बाइटही कमी दिलेला नाही याची खात्री पटली.

पूर्वी बाजारात कच्चा शेर आणि पक्का शेर अशी दोन मापे चालत, पण निदान त्यांची नावे तरी वेगळी होती. १०२४ च्या मापासाठी १९९८ साली गिबिबाइट हे स्वतंत्र नाव ठरवण्यात आले, तरीही विंडोज आजवर त्यापुढे जीबी असेच लिहिते. मॅकवर २००९ पासून दशमान मोजणी असल्याने हीच डिस्क तिथे पूर्ण एक टीबीची दिसते.

माझी चूक अशी, की कॅसेटचा हिशेब मी एका मापाने केला आणि जागा दुसऱ्या मापाने पाहिली. विंडोजच्या मापात एक कॅसेट १३ नव्हे, तर १२ जीबींच्या आसपास भरते.

वेगाबाबतही असाच घोळ होऊ शकतो. खोक्यावर सेकंदाला ५ गिगाबिट लिहिले आहे. ते बिट आहेत, बाइट नव्हेत; आठ बिटांचा एक बाइट होतो. आठाने भागल्यावर ६२५ मेगाबाइट येतात आणि तीही जोडणीची कागदोपत्री मर्यादा असते, आतल्या फिरत्या तबकडीची नव्हे. प्रत्यक्षात मला सुरुवातीला सेकंदाला ११० मेगाबाइटांच्या आसपास वेग मिळाला आणि डिस्क भरत गेली तसा तो कमी झाला. या कामाला तेवढा पुरतो. केबल मात्र इतकी आखूड आहे, की डिस्क संगणकाला चिकटूनच ठेवावी लागते.

सर्व ७२ कॅसेट उतरवून झाल्या असून विंडोज अजून सुमारे ६० जीबी जागा शिल्लक दाखवते. दुसरी प्रत ठेवण्यासाठी आणखी एक डिस्क लागणार आहे. फॉरमॅटिंगचे ते उत्तर सोडले तर वागणूक चांगली आणि भाव वाजवी असल्याने तीही याच दुकानातून घेईन.